दोन दुव्यांची अदलाबदल

ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘ह्युम्युलिन’ला विक्रीची परवानगी दिली. जिवाणूंच्या पेशींत माणसाच्या इन्सुलिनचे जनुक बसवून तयार केलेले हे औषध आपल्या स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळत होते. त्याआधीची साठ वर्षे जगभरचे मधुमेही गायीच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगले. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे, गायीचे तीन अमिनो आम्लांनी. आता तेवढाही फरक उरला नव्हता. इन्सुलिनचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले.

रुग्णांचा रोजचा अनुभव मात्र वेगळे सांगत होता. हे इन्सुलिन टोचल्यावर अर्धा तास थांबायचे आणि मगच जेवायला बसायचे, हा नियम कायम राहिला. लग्नाची पंगत लांबली, गाडी उशिरा पोचली, की इंजेक्शन घेतलेल्या माणसाला दरदरून घाम सुटे, हात कापू लागत. जेवण वेळेवर झाले तरी दोन-तीन तासांनी, म्हणजे अन्नातली साखर रक्तात येऊन बरीचशी निघून गेल्यावर, इन्सुलिन ऐन जोरात येई. रात्रीसाठी घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन पहाटे दोन-तीनच्या सुमारास जास्त काम करी आणि माणूस झोपेतच गडबडे. रेणू अगदी माणसाचा होता, पण तो शरीरात माणसाच्या इन्सुलिनसारखा वागत नव्हता.

कारण साधे आहे, पण ते लक्षात यायला वेळ लागला. निरोगी शरीरात इन्सुलिन स्वादुपिंडातून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरते, घास पोटात गेल्यावर काही मिनिटांत. त्यातले जवळपास निम्मे यकृतच वापरून टाकते. उरलेले रक्तात फिरते आणि काही मिनिटांत नाहीसे होते. साखर उतरू लागली की स्राव आटतो. इंजेक्शनचे इन्सुलिन मात्र पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखालच्या चरबीत जाते. तिथून ते झिरपत झिरपत रक्तात येते आणि एकदा टोचले की परत घेता येत नाही. निसर्गाने हा रेणू या वाटेसाठी घडवलेलाच नव्हता.

अडचण किती मोठी आहे हे १९९३ साली ठळक झाले. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या डीसीसीटी या चाचणीने दाखवून दिले की साखर काटेकोर ताब्यात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खूप मोठ्या प्रमाणात वाचतात. सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्या गटात दृष्टिपटलाचा आजार होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. मात्र याच काटेकोर उपचारात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे ध्येय पक्के ठरले, पण हातातले हत्यार त्या ध्येयाला पुरेसे नव्हते. बदललेल्या इन्सुलिनांवर, म्हणजे इन्सुलिन अ‍ॅनालॉगवर, प्रयोगशाळांत त्याआधीच काम सुरू होते. या निकालानंतर त्याची निकड कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

रेणूत बदल करायचा तर आधी तो नीट दिसायला हवा. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनमधला अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम लावला. ‘ए’ साखळीत २१ आणि ‘बी’ साखळीत ३०, अशी एकूण ५१ अमिनो आम्ले. एखाद्या प्रथिनाचा पूर्ण क्रम माणसाला समजण्याची ही पहिलीच वेळ होती. १९५८ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. पण या साखळ्या अवकाशात कशा वळलेल्या आहेत, हे कळायला आणखी काळ जावा लागला. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र १९३५ मध्ये घेतले आणि पूर्ण रचना उलगडली ती १९६९ मध्ये, ऑक्सफर्डला. चौतीस वर्षे एकाच रेणूचा पाठपुरावा करणाऱ्या या बाईंबद्दल मला अतोनात आदर आहे. त्यांच्या त्या वेळच्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या रचनाशास्त्राची मोठी शाखा उभी केली.

हॉजकिन यांच्या रचनेत अर्ध्या तासाच्या खोळंब्याचे उत्तर दडलेले होते. इन्सुलिनचे रेणू एकेकटे राहत नाहीत. दोन-दोन रेणू जोडीने चिकटतात आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या अणूंभोवती जमून सहांचे षटक बनते. स्वादुपिंडाच्या पेशीला हे सोयीचे आहे, कारण षटकाच्या रूपात इन्सुलिन दाटीवाटीने आणि सुरक्षित साठवता येते. ते रक्तात उतरले की एकदम पातळ होते आणि षटके क्षणात सुटतात. बाटलीतही इन्सुलिन षटकाच्या रूपातच असते. त्वचेखाली गेल्यावर मात्र ते हळूहळू पातळ होते. षटक केशवाहिनीच्या भिंतीतून जायला फार मोठे असते. ते मोडून जोड्या आणि सुटे रेणू तयार होईपर्यंत रुग्णाला थांबावे लागते.

म्हणजे रेणू एकमेकांना चिकटणार नाहीत असे करायचे, आणि तेही इन्सुलिनचे मूळ काम न बिघडवता. पेशीवरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, रेणूचा जो भाग भिडतो तो बराचसा जोडी जमवणाऱ्या भागालाच लागून आहे. त्यामुळे एका जागी हात घातला तर दुसरीकडे परिणाम होण्याची भीती होती. डेन्मार्कच्या नोवो कंपनीत येन्स ब्रांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक अमिनो आम्ल बदलून असे अनेक रेणू बनवले आणि १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचे काम प्रसिद्ध केले. अमेरिकेत एलाय लिली कंपनीच्या रिचर्ड डीमार्ची यांच्या गटाला युक्ती सापडली ती इन्सुलिनच्या एका नातेवाइकात. आयजीएफ-१ हे वाढीशी संबंधित संप्रेरक इन्सुलिनशी बरेच मिळतेजुळते आहे, पण त्याचे रेणू इन्सुलिनसारखे एकमेकांना चिकटत नाहीत. इन्सुलिनच्या ‘बी’ साखळीत २८ व्या जागी प्रोलीन आणि २९ व्या जागी लायसीन असते. आयजीएफ-१ मध्ये त्याच ठिकाणी हा क्रम उलटा आहे. इन्सुलिनमध्ये या दोन अमिनो आम्लांची नुसती अदलाबदल केली आणि जोडी जमवणारी पकड ढिली पडली. बाकीची ४९ अमिनो आम्ले होती तिथेच राहिली. हे ‘लिस्प्रो’. १९९६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. जनुकतंत्राने घडवलेले आणि बाजारात आलेले हे पहिले इन्सुलिन अ‍ॅनालॉग. ते पंधरा मिनिटांत काम सुरू करते, तासाभराच्या आसपास ऐन जोरात असते आणि तीन ते पाच तासांत ओसरते. रुग्ण ताट समोर आल्यावर इंजेक्शन घेऊ शकतो.

इन्सुलिनने निसर्गातल्यासारखे काम करावे म्हणून त्याचा रेणू निसर्गातल्यापेक्षा वेगळा करावा लागला. या सगळ्या कामात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

पण ‘आयजीएफ-१ सारखा बदल’ या शब्दांत एक धोकाही आहे. आयजीएफ-१ पेशींना वाढायला आणि विभागायला सांगते. इन्सुलिन त्या दिशेने सरकवले, तर ते साखर उतरवण्यासोबत नको त्या पेशींना वाढीचा इशारा तर देणार नाही ना? ही शंका काल्पनिक नव्हती. ब्रांगे यांच्या गटाने बनवलेल्या रेणूंपैकी एक फार आशादायक होता. त्यात ‘बी’ साखळीतल्या दहाव्या जागी, नेमक्या जस्त धरून ठेवणाऱ्या जागी, हिस्टिडीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसवले होते. षटक बनेना, रेणू झपाट्याने शोषला जाई, आणि ग्राहकावर त्याची पकडही मूळ इन्सुलिनपेक्षा घट्ट होती. साखरेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात खोट काढता येत नव्हती. मग उंदरांवरच्या दीर्घ चाचणीत, मोठे डोस दिलेल्या मादी उंदरांत स्तनाच्या गाठी जास्त दिसू लागल्या आणि कंपनीने तो रेणू तिथेच थांबवला.

का झाले असेल, याचा शोध पुढे बरीच वर्षे चालला. त्या रेणूची आयजीएफ-१ च्या ग्राहकाशी सलगी वाढली होती, हे एक. दुसरे असे की तो इन्सुलिनच्या स्वतःच्या ग्राहकावर फार वेळ बसून राहत होता. इन्सुलिन ग्राहकाला शिवून लवकर सुटते तेव्हा पेशीला मुख्यतः साखर आत घेण्याचा संदेश जातो. ते चिकटून राहिले तर वाढीचा संदेशही बळावतो. म्हणजे ‘किती घट्ट बसते’ एवढे मोजून भागत नाही, ‘किती वेळाने सुटते’ हेही मोजावे लागते. तेव्हापासून प्रत्येक नव्या इन्सुलिनची ही दोन्ही मापे घेतली जातात, आणि अनेक प्रयोगांत तोच टाकून दिलेला रेणू तुलनेसाठी शेजारी ठेवतात. बाजारात कधीच न आलेल्या या औषधाने पुढच्या सगळ्यांची कसोटी ठरवून दिली, असे मी म्हणेन. १९८७ मध्ये संशोधकांनी एका कुटुंबात नेमका हाच बदल जन्मजात असल्याचे नोंदवले होते. पण त्या माणसांच्या रक्तात तो बदल मुख्यतः इन्सुलिनच्या अर्धवट तयार रूपात, प्रोइन्सुलिनमध्ये फिरत होता. त्यावरून बाटलीतल्या औषधाबद्दल निश्चिंत होता आले नसते.

माणसांवरची चाचणी कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. नव्या इन्सुलिनचा जोर, सुरुवात आणि मुदत मोजायची तर नुसते टोचून साखर बघून चालत नाही. साखर खाली गेली की शरीर घाबरून इतर संप्रेरके सोडते आणि सगळे आकडे गढूळ होतात. त्यावर ‘ग्लुकोज क्लॅम्प’ हा उपाय आहे. राल्फ डीफ्रोन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले. इन्सुलिन दिल्यावर स्वयंसेवकाच्या दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज सोडत राहतात आणि दर काही मिनिटांनी साखर मोजून त्याचा वेग असा कमी-जास्त करतात की रक्तातली साखर जागची हलत नाही. गळक्या टाकीतली पातळी कायम ठेवायला नळ जेवढा उघडावा लागतो, त्यावरून गळती किती हे कळते, तसेच हे. ग्लुकोजच्या वेगाचा आलेख म्हणजेच इन्सुलिनच्या कामाचा आलेख. लांब पल्ल्याच्या इन्सुलिनसाठी हे चोवीस तासांहून अधिक चालते. स्वयंसेवक एवढा वेळ उपाशी पडून असतो आणि परिचारिका रात्रभर जागतात. इन्सुलिनच्या माहितीपत्रकातला तो सपाट किंवा डोंगरासारखा आलेख अशा रात्रींतून आलेला असतो.

लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची कथा वेगळ्या दिशेने गेली. तिथे वेग नको होता, संथपणा हवा होता. डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियान हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला माशाच्या वीर्यातले प्रोटामीन जोडून ते रेंगाळणारे केले. १९४६ मध्ये आलेले एनपीएच त्याच कुळातले. आपल्याकडे अजूनही सर्रास मिळणारे ३०/७० मिश्र इन्सुलिन म्हणजे ७० टक्के एनपीएच आणि ३० टक्के साधे इन्सुलिन. ते दुधट दिसते, कारण त्यात बारीक कण तरंगत असतात. म्हणूनच बाटली तळहातांत हळुवार फिरवून घ्यायला सांगतात. घाईत नीट फिरवली नाही, तर आजचा डोस आणि उद्याचा डोस सारखा राहत नाही.

जर्मनीतल्या होख्स्ट कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी हा गढूळपणाच टाळला. त्यांनी ‘ए’ साखळीच्या टोकाला ग्लायसीन बसवले आणि ‘बी’ साखळीच्या शेवटी दोन आर्जिनीन जोडले. त्यामुळे रेणूचा विद्युतभार असा बदलला की आम्लधर्मी द्रावात तो पूर्ण विरघळून स्वच्छ राहतो, पण त्वचेखालच्या जवळपास उदासीन वातावरणात जाताच त्याचे सूक्ष्म कण होऊन साका बसतो. तो साका दिवसभर विरघळत राहतो. हे ‘ग्लार्जिन’, २००० मध्ये मान्यता मिळालेले. द्राव आम्लधर्मी असल्यामुळे काहींना टोचताना चुरचुरते, आणि म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळत नाहीत. नोवोच्या शास्त्रज्ञांनी तिसरी वाट शोधली. त्यांनी ‘बी’ साखळीच्या २९ व्या लायसीनला मेदाम्लाची शेपटी जोडली, म्हणजे रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतो. हे ‘डेटेमिर’. पुढे ‘डेग्लुडेक’ त्याच घराण्यातून आले. त्याची षटके त्वचेखाली एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतात आणि टोकांकडून सावकाश सुटतात.

२००९ मध्ये ‘डायबेटोलॉजिया’ या नियतकालिकात ग्लार्जिन आणि कर्करोगाच्या संबंधाची शंका उपस्थित करणारे नोंदवहीवर आधारित अभ्यास आले आणि जगभर खळबळ उडाली. उंदरांमधला तो जुना निकाल सगळ्यांच्या मनात होताच. त्या अभ्यासांत रुग्णांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. कोणाला कोणते इन्सुलिन मिळाले हे वय, वजन आणि डॉक्टरांची पसंती यांवर ठरले होते, त्यामुळे त्यातून कारण काढणे कठीण होते. खरे उत्तर २०१२ मध्ये ‘ओरिजिन’ चाचणीतून आले. १२,५३७ लोक, मध्यक कालावधी सहा वर्षांहून अधिक, ग्लार्जिन कोणाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरलेले. कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले, हृदयविकाराचेही. शरीरात गेल्यावर ग्लार्जिनची ती दोन आर्जिनीन लवकर गळून पडतात आणि उरलेला रेणू आयजीएफ-१ च्या ग्राहकाला फारसा जुमानत नाही, हेही तोवर कळले होते. शंका घेणारे चुकले, असे मला वाटत नाही. शंका योग्य होती. तिच्या उत्तरासाठी हजारो लोकांना सहा वर्षे सोबत घेऊन चालावे लागले, आणि ते केले गेले.

मग नवे इन्सुलिन सगळ्यांना द्यावे का? इथे माझे मत स्पष्ट आहे. टाइप-१ असलेल्या मुलामुलींना, आणि ज्यांची साखर रात्री वारंवार खाली जाते त्यांना, अ‍ॅनालॉग मिळायलाच हवे. पण टाइप-२ च्या प्रत्येक रुग्णाला ते लागतेच असे नाही. कॅलिफोर्नियातल्या पंचवीस हजारांहून अधिक टाइप-२ रुग्णांच्या नोंदी पाहून २०१८ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की एनपीएचऐवजी महागडे अ‍ॅनालॉग सुरू केल्याने साखर उतरून रुग्णालयात जाण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. ज्या घरात औषधाचा खर्च किराण्याच्या पैशातून जातो, तिथे नियमित घेतलेले साधे इन्सुलिन महिन्यातले दहा दिवस चुकलेल्या महाग इन्सुलिनपेक्षा कितीतरी चांगले. १९२३ मध्ये टोरांटोच्या शोधकांनी इन्सुलिनचे पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले होते. त्या औषधाच्या नव्या रूपांवर किमतीचे एवढे ओझे असावे, हे मनाला लागते.

किमती खाली आणण्यात भारतीय कंपन्यांचा खरा वाटा आहे. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ हे मानवी इन्सुलिन आणले. त्याचे उत्पादन औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. बंगळूरच्या बायोकॉनने विकसित केलेल्या ग्लार्जिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाच्या जागी औषधविक्रेत्याने परस्पर देता येईल असा दर्जा मिळाला, असा मान मिळवणारे ते तिथले पहिले जैवसदृश औषध. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने लांब पल्ल्याच्या अ‍ॅनालॉगचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, आणि २०२२ मध्ये भारताच्या राष्ट्रीय यादीतही ग्लार्जिन आले.

आपल्याकडे इन्सुलिन बदलताना एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. मानवी इन्सुलिनच्या बाटल्या भारतात बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. अ‍ॅनालॉग बहुधा १०० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. जुन्या लाल सिरिंजने नवे इन्सुलिन तेवढ्याच खुणेपर्यंत भरले, तर शरीरात अडीच पट औषध जाते. आजोबांचे औषध बदलले असेल, तर फ्रिजच्या दारातली उरलेली लाल सिरिंजची पाकिटे त्याच दिवशी बाजूला काढा.

सध्या सर्वांत पुढे गेलेला रेणू ‘आयकोडेक’ आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचा. त्यात वीस कार्बनची मेदाम्लाची शेपटी आहे आणि तीन अमिनो आम्ले बदलली आहेत. ग्राहकाशी त्याची ओढ मुद्दाम कमी केली आहे, म्हणजे तो अल्ब्युमिनवर साठून राहतो आणि सावकाश खर्च होतो. त्याचे अर्धे प्रमाण रक्तातून जायला सुमारे आठवडा लागतो. रोज टोचायला कंटाळलेल्या, किंवा कुणाच्या तरी मदतीशिवाय इंजेक्शन घेऊ न शकणाऱ्या टाइप-२ च्या वृद्धांसाठी हे वरदान ठरू शकते. पण टाइप-१ च्या चाचणीत साखर खाली जाण्याचे प्रसंग डेग्लुडेकच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाले. एखाद्या दिवशी ताप आला, जेवण गेले नाही किंवा मूल शाळेच्या मैदानावर नेहमीपेक्षा जास्त धावले, तर आठवड्याचा डोस आधीच शरीरात असतो. २०२४ मध्ये युरोपीय महासंघाने त्याला प्रौढांसाठी मान्यता दिली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने टाइप-१ साठी त्याचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त नाहीत असे बहुमताने सांगितले आणि जुलैमध्ये तिथल्या प्रशासनाने मान्यता न देता कंपनीकडे आणखी माहिती मागितली.